भाव करावा की भाव धरावा?

चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी होते. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये काकांनी तेथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. त्यानंतर पाचसहा दिवसांतच अक्षय तृतीया येते आणि छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा या जुन्या पेठांतून रस्त्याच्या कडेला करा-केळींच्या राशी लागतात. पितरांच्या नावाने पाण्याचा कुंभ पूजावा, दान द्यावा, हा त्या दिवसाचा आपला कुळाचार. तेरला समाधीवर डोके ठेवून आलेला भाविक इथे कुंभारापुढे बसतो आणि म्हणतो, "एवढं काय लावलंय? मातीच तर आहे!"

या बोलण्याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. भाव करणे हे पाप आहे काय?

घासाघीस करणारा प्रत्येकजण लोभी असतो, असे आम्ही म्हणत नाही. प्रापंचिकाला पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. विकणाराही पुष्कळदा चार रुपये चढवूनच सांगतो. दोघांनाही "नाही पटत" म्हणून उठून जाण्याची मोकळीक असेल, तर भाव करणे हा निव्वळ व्यवहार आहे. त्यात धर्मही नाही, अधर्मही नाही.

पण कुंभाराला ती मोकळीक असते काय? करा-केळी ही एका सणाची वस्तू. घरोघर नैवेद्य झाला की पुढे वर्षभर तिला कोण विचारतो? उरलेला माल परत न्यावा तर गाडीभाडे अंगावर पडते, वाटेत फूटतूट होते ती वेगळीच. म्हणून सणाच्या सकाळी ऊन चढू लागले की भाव उतरू लागतो. गिऱ्हाइकाला हे पक्के ठाऊक असते. कित्येक शहाणे मुद्दाम उशिरा येतात. त्या वेळी जे कमी होते ती केळीची किंमत नव्हे. ती कुंभाराची अडचण आपण विकत घेतो. आणि अडचणीत सापडलेल्याकडून काढून घेतलेल्या कुंभाने पितर तृप्त व्हावेत, पुण्य अक्षय व्हावे, अशी इच्छा धरतो!

पूर्वी गावगाड्यात कुंभार बलुतेदार होता. सुगीला खळ्यावरून त्याचे धान्य ठरलेले असे, आणि वर्षभर लागतील ती मडकी तो पुरवी. त्या व्यवस्थेत उणेपणा पुष्कळ होता, जातीची बेडीही होती. पण एकेका मडक्यामागे घासाघीस नव्हती. आता ते धान्य गेले, रोख पैसा आला. फ्रीज आणि प्लास्टिक घरात आल्यावर कुंभाराकडे संक्रांतीची सुगडी, आखितीची केळी, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या एवढेच मोजके दिवस राहिले. त्या दिवसांवर त्याचे वर्ष तोललेले असते.

"मातीच तर आहे" म्हणणाऱ्याने त्या मातीचे पुढे काय होते ते पाहावे. ती आणावी, चाळावी, भिजवावी, लीद-राख घालून तुडवावी; चाकावरून उतरली की थापटण्याने ठोकून घडवावी, सावलीत सुकवावी, मग भाजावी. अवकाळीची एक सर आली की कच्च्या मडक्यांचा पुन्हा चिखल होतो. भट्टीत तडकतात त्यांचा हिशेब गिऱ्हाईक धरीत नाही. केळीतले पाणी गार होते ते अंगच्या बारीक छिद्रांतून झिरपून वाळते म्हणून. पाणी झिरपावे पण मडके गळू नये, एवढे नेमके भाजणे ही त्याची विद्या. तिचे मोल मातीच्या मोलात कसे धरावे?

कोणी म्हणेल, "आम्ही अन्नदानाला पावती फाडतो, मंदिरात देतो." द्यावे, अवश्य द्यावे. पण औरंगपुऱ्यात ज्यांचे मंदिर आहे त्या नाथबाबांची कथा आठवावी. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाटेवर तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. देव रामेश्वरीच भेटेल, वाटेवरच्याशी आपला संबंध काय, असे ते म्हणाले नाहीत. आपली वाट गुलमंडीवरून जाते, एवढाच फरक.

मग कुंभाराला दया म्हणून चार पैसे जास्त द्यावेत काय? तेही नको. तो भिकारी नव्हे, कारागीर आहे. मडके खुशाल ठोकून पारखून घ्यावे. त्यात त्याचा अपमान नाही. काकांनी संतमेळ्यात थापटणे हाती घेतले तेव्हा नामदेवरायांना राग आला, पण त्याच ठोक्याने त्यांना विसोबा खेचरांची वाट दाखविली. बाजारात आपण केळी वाजवतो तेव्हा आपलेही मडके वाजत असते, एवढे ध्यानी असावे.

ज्याची ऐपत खरोखरच कमी आहे, त्याने मोकळेपणी तसे सांगावे. गरिबाची अडचण गरिबाला समजते. इतरांनी आदल्या दिवशी जो भाव शेजाऱ्याने दिला, तोच सणाच्या दिवशी ऊन चढल्यावरही द्यावा, आणि केळी दोन्ही हातांनी उचलावी.

रामकृष्णहरि.