आठे देख, आठे देख!

आषाढी एकादशीचे स्टेटस अजून संपलेले नाहीत. शाळांच्या दिंड्या निघाल्या, तीन-चार वर्षांची पोरं विठ्ठल-रुखमाई होऊन उकाड्यात उभी राहिली आणि समोर पालक फोन उंचावून दाटीवाटीने उभे. "आठे देख ना रे! हास ना!" कागदी मुकुट कपाळावर घसरलेला, गंध घामाने डोळ्यांत उतरलेला, पोर रडवेलं झालेलं, तरी "इकडे बघ"च्या आरोळ्या थांबेनात. त्यातून निघालेले फोटो तुम्हीही पाहिलेत. डोळे मिटलेले, मुकुट अर्धा कापलेला, मागे कुणाची तरी मोटारसायकल आणि वरून गोरं करणारा फिल्टर. विठ्ठल सावळा चालतो, त्याच्या वेषातलं आपलं पोर मात्र पांढरंफटक करून टाकायचं! याचा मला संताप येतो.

फोटो असे का येतात, विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "आपला फोन साधा आहे हो."

हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. याच साध्या फोनवर कपाशीच्या पानामागचा मावा इतका स्पष्ट येतो की कृषी सेवा केंद्रातला माणूस फोटो बघून औषध सांगतो. तो फोटो काढताना शेतकरी काय करतो ते आठवा. झाडापाशी खाली बसतो, पान हलकेच उलटतो, उजेडाकडे धरतो, श्वास रोखून हात स्थिर ठेवतो. धूसर आला तर पुन्हा काढतो. तोच बाप संध्याकाळी पोराचा फोटो उभ्यानेच, वरून खाली, घरातल्या मिणमिणत्या दिव्यात काढतो. डोकं मोठं आणि पाय इवलेसे येतात. मग म्हणतो, फोन साधा आहे. हप्त्यावर नवा फोन येतो, त्यात तीन कॅमेरे असतात, आणि पोर पुन्हा तसंच, वरून, डोळे मिटलेलं. किडीला जेवढं लक्ष देतो तेवढं लेकराला दिलं असतं तर जुन्या फोनमध्येही ते देखणं दिसलं असतं.

पाचोऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसलं की चाळीसगाव लागतं. तिथल्या स्टेशनजवळच्या घरात छायाचित्रकार केकी मूस राहत. जन्म १९१२ चा, निधन ३१ डिसेंबर १९८९ ला. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश कुठून पडतो ते बघत बसायचं आणि मग फोटो काढायचा, अशी त्यांची टेबलटॉप छायाचित्रणाची साधना. ती जगभर नावाजली गेली. त्यांचं घर आज कलादालन म्हणून जपलेलं आहे. ज्यांना फोन साधा वाटतो त्यांनी एकदा मुलांना घेऊन तिथे जावं.

शिकायचं आहे ते थोडकंच, पण मन लावून. फोनची काच सदऱ्याच्या टोकाने पुसा. बरेच धूसर फोटो बोटांच्या तेलाने येतात. फ्लॅश बंद करा. उजेड कमी असला की फोनला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात पोर हलतं आणि फोटो धूसर येतो. म्हणून लेकीला दारात किंवा ओट्यावर सावलीत येऊ द्या, तोंड उजेडाकडे. आषाढातलं ढगाळ आभाळ तर याला सर्वांत उत्तम, चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही. परवाच्या दिंडीत प्रकाश चांगलाच होता, हे विसरू नका. तिच्या डोळ्यांच्या उंचीला या, गुडघे टेकवा. फार जवळ जाऊ नका, नाहीतर नाक फुगतं. आणि "आठे देख" म्हणणं सोडून द्या. ती मातीत काय शोधते आहे, आजीच्या पानाच्या डब्याशी काय खेळते आहे, ते चालू द्या. फोन तयार धरून थांबा.

अजिंठा आपल्याला लांब नाही. १७ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धासमोर यशोधरा आणि राहुल उभे आहेत. पाचव्या शतकातलं चित्र. आई आणि मूल, दोघांचे चेहरे वर, बुद्धाकडे. आपल्याकडे त्या दोघांपैकी कुणीही बघत नाही. त्या चित्रकाराने राहुलला "इकडे बघ" म्हटलं नाही, म्हणून त्या मुलाच्या मनात काय चाललं असेल हा प्रश्न आपल्याला आजही पडतो. दिंडीतल्या फोटोंत तो पडत नाही, कारण त्या पोरांना स्वतःचं काही करूच दिलं नव्हतं.

मूल स्थिर बसत नाही, वेळ मिळत नाही, ही कारणंही येतात. त्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीला मात्र उत्तर द्यावंच लागेल. आपण हे फोटो कुणासाठी काढतो? लेकरासाठी काढत असू तर रडवेला फोटो दोनशे जणांना कशाला दाखवायचा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकाची संमती घ्यायची आहे. म्हणजे राखण आपल्यावर सोपवली आहे, आणि आंघोळीचे, परीक्षेत नापास झाल्याचे, मार खाऊन रडतानाचे फोटो आपणच गावभर पाठवतो. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःचा कुठला फोटो आवडतो हे नीट सांगता येतं. तिला कुणी विचारत नाही.

तर या रविवारी एवढं करा. फोन पुसा, खाली बसा, फिल्टर काढून टाका, पोर जसं सावळं आहे तसं येऊ द्या. जो फोटो चांगला येईल त्याची गावातल्या स्टुडिओत कागदावर प्रत काढून आणा आणि लेकीच्या हातात ठेवा. स्टेटसला लावू का, हे तिलाच विचारा. ती नको म्हणाली तर लावू नका.