जुन्या ओळींना हात लावण्याआधी

लिनक्स कर्नलमधल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरवर चेकपॅच हे कोडची मांडणी तपासणारं साधन चालवलं की स्क्रीन वॉर्निंगने भरून जाते. टॅबच्या जागी स्पेस, कंसाआधी जागा नाही, ओळ फार लांब. माझे हात लगेच शिवशिवतात. रात्रीपर्यंत सगळं स्वच्छ करून पॅच पाठवता येईल, कर्नलच्या इतिहासात नाव लागेल.

मला खरंच कोड सुधारायचाय का? तो ड्रायव्हर काय करतो हे मला पुरतं कळलेलं नसतं. ते हार्डवेअर माझ्याकडे नसतं, म्हणजे बदल चालवून बघण्याचीही सोय नाही. इंडेंट तेवढं कळतं. जे कळतं तिथेच हात घालायचा आणि त्याला योगदान म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. शिकायचंच असेल तर कर्नलमध्ये २००८ पासून स्टेजिंग नावाचा विभाग आहे. तिथे अशी साफसफाई हवीच असते. बाकीच्या भागांत मेंटेनर ती बहुतेक वेळा नाकारतात. त्यात आडमुठेपणा दिसायचा मोह होतो, पण त्यांची बाजू खरी आहे.

रजिस्टरमध्ये लिहिल्यानंतर दहा मायक्रोसेकंद थांबणारी एक ओळ घ्या. ती का आहे? गिट ब्लेम केलं की ती आणणारा कमिट सापडतो, आणि त्या चिपला तेवढा वेळ लागतो हे त्याच्या संदेशात लिहिलेलं असतं. मी ती ओळ नुसती आत सरकवली, की तिथे माझा कमिट दिसू लागतो. त्यात लिहिलेलं काय, तर इंडेंट दुरुस्त केलं. स्पेसचे बदल वगळून ब्लेम करता येतं हे खरं, पण लांब ओळ तोडून दोन केल्या की तो उपायही अपुरा पडतो. याहून मला जास्त खुपतं ते बॅकपोर्टचं. सुरक्षेची दुरुस्ती जुन्या स्टेबल शाखेत न्यायची असते, आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत, पॅच लागत नाही. मग कुणीतरी बसून तो हाताने जुळवतो. ते कुणीतरी मी नसते.

आणि नियम तरी कुठे कायमचे असतात? ८० अक्षरांपुढे चेकपॅच ओरडायचं. २०२० मध्ये ती मर्यादा १०० झाली. केवळ त्या वॉर्निंगसाठी तोडलेल्या कितीतरी ओळी तशाच आहेत.

जॅंगो या वेब फ्रेमवर्कने मात्र सगळा पायथन कोड ब्लॅक या फॉरमॅटरने बदलला. २०१९ मध्ये चर्चा करून ठरवलं, ब्लॅक स्थिर होईपर्यंत थांबले, फेब्रुवारी २०२२ मध्ये एकदाच केलं आणि तो कमिट ब्लेममधून वगळायच्या यादीत नोंदवला. तिथे निर्णय प्रकल्पाचा होता, निस्तरायची जबाबदारीही प्रकल्पाची. माझ्या पॅचमध्ये निर्णय माझा आणि निस्तरणं दुसऱ्याचं.

तरी ‘जुनं आहे, राहू दे’ म्हणून उठून जाणं हीही पळवाट होऊ शकते. एखादं फंक्शन इतकं गुंतलेलं असतं की त्यातली चूक कुणाला दिसतच नाही. ते सोडवायलाच हवं. पण त्यासाठी आधी ते समजून घ्यायचं, ते हार्डवेअर असलेला माणूस शोधायचा, त्याच्याकडून बदल तपासून घ्यायचा. या कामाला महिने लागतात आणि शेवटी पॅच दहा ओळींचा निघतो. टॅब आणि स्पेसच्या मागे लागून मी नेमकं तेच काम टाळत असते.