उंचीची हौस

वय झालं की माणसाची आणि जीपची उंची थोडी कमी होते आणि दोघांच्याही मालकांना ते मान्य नसतं. माणसाच्या बाबतीत मालक आणि माल एकच असल्यामुळे फारसं काही करता येत नाही. जीपच्या बाबतीत मात्र गॅरेज असतं.

आमची जीप जुनी, सी. जे. थ्री बी जातीची. महिंद्रांनी 1947 साली आपल्याकडे विलिज जीपा जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही धाकटी पाती. सौभाग्यवतींच्या माहेरी जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एक दगड आहे. तो दरवेळी आमच्या जीपच्या पोटाला लागतो. "माहेरचा दगडसुद्धा यांना सोसत नाही," असं एकदा ऐकावं लागलं. त्यातच शेजारच्या चिरंजीवांनी एवढी उंच गाडी आणली की तीत चढायला पायरी लागते. मग मीही ठरवलं, आपली जीप चार इंच उचलायची. पैसा माझा, जीप माझी, हौस माझी. यात दुसऱ्या कुणाचा संबंध येतोच कुठे?

साताऱ्याबाहेरच्या आमच्या मिस्त्रींना मी हे तत्त्वज्ञान ऐकवलं. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "सायेब, दगड लागतुया कुठं?"

"खाली, मधोमध. तो गोळा आहे ना, त्याला."

"त्यो डिफरन्शियल. त्यो ॲक्सलवर बसलाय. पाटं वर उचललं तर बॉडी वर जाईल, गोळा हाय तिथंच ऱ्हाईल. त्यो उचलायचा तर चाकं मोठी पायजेत."

म्हणजे मी चार इंच उंच बसून दगड मात्र पूर्वीच्याच जागी खाणार होतो! समाजात वर गेलेल्या अनेकांची हीच अवस्था मी पाहिली आहे, पण आपल्या जीपबद्दल ऐकताना वाईट वाटलं.

तरी माझा हट्ट सुटेना. मी म्हटलं, "मग शॅकल लांब लावा. स्वस्तात होईल." त्यावर गणिताचा तास झाला. ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असतो, त्यामुळे एका टोकाची शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी उचलते एकच इंच. वर ॲक्सलचा कोन बदलतो, तो वेगळाच. पुढचा कोन बिघडला की स्टिअरिंग सरळ राहायचं विसरतं आणि गाडी रस्ताभर भरकटते. जास्तच उचलली तर ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, शॉकॲब्सॉर्बर आखूड पडतात, प्रोपेलर शाफ्टचे सांधे वाकडे फिरून झिजतात. कचेरीत एका माणसाला बढती मिळाली की साऱ्या खात्याची झोप उडते, तसंच हे.

"आन् रुंदी तुमी वाढवनार हाय का?" मिस्त्रींनी शेवटचा घाव घातला. या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट. उंची वाढली, रुंदी तेवढीच राहिली, तर वळणावर गाडी कलंडायला फार आग्रह करावा लागत नाही.

इथे मी वरमलो. पण आलोच आहोत तर निदान पाटे तरी बघा म्हटलं. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोऱ्याने हायड्रॉलिक जॅकवर जीपचं पुढचं तोंड उचललं आणि आत गेला घोड्या आणायला. लोखंडी घोड्या, चेसिसखाली लावायच्या. त्या सापडेनात. मला घरी जायची घाई. मी म्हटलं, "अरे, जॅक लावलाय ना? दोन मिनिटांचं काम. घूस पटकन!"

पोरगं खरंच वाकलं. मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्यावर ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सायेब, जॅक गाडी उचलाया असतुया, धराया न्हाई. दोन मिनटांचं काम हाय म्हंता, तर तुमीच घुसा की."

त्या क्षणी मला माझा गुडघा आठवला. मग कंबर आठवली. मग अंगातला इस्त्रीचा सदरा. खरं म्हणजे मला आठवलं होतं ते एकच : हजार किलोंच्या आसपासचं लोखंड, आणि ते तोलून धरणारं जॅकमधलं चमचाभर तेल.

हौस माझी होती, पण तिच्याखाली झोपणारा मी नव्हतो. दुसऱ्याचा संबंध येतो कुठे, या माझ्या प्रश्नाचं उत्तर पंधरा-सोळा वर्षांचं होतं आणि तळहाताला ग्रीस पुसत माझ्यासमोर उभं होतं. रस्त्यावर कलंडणारी गाडीही एकट्या मालकाच्या अंगावर थोडीच पडते! मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते पुन्हा बजावलं. ही सरकारची लुडबूड आहे, असं मी सकाळपर्यंत म्हणत होतो.

घोड्या सापडल्या. सपाट फरशीवर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, चेसिस घोड्यांवर टेकवली. मिस्त्रींनी गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली आणि मगच ते स्वतः आधी खाली गेले. तिथून आवाज आला, "सायेब, उचलायची कशाला? कमान उतरलीया हिची!"

पन्नास वर्षांच्या ओझ्याने पाटे बसले होते. नवे पाटे आणले, यू-बोल्टही नवेच घातले, शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळून घेतले. जीप दीड इंच वर आली. ही उंची वाढवलेली नव्हे, तिची स्वतःचीच, मधल्या काळात हरवलेली.

गाडी खाली उतरवण्याआधी मिस्त्री म्हणाले, "या, बघून घ्या काम." या खेपेला गुडघा आठवला नाही. सदऱ्यासकट आत सरकलो. वर काळं, तेलकट लोखंड आणि शेजारी पोऱ्या, एकेक नट दाखवत होता. बाहेर आल्यावर त्याला सॉरी म्हणावं असं फार मनात होतं. पण आमच्या पिढीला ते जमत नाही. मी त्याला चहा पाजला आणि नव्या घोड्यांचे पैसे मिस्त्रींच्या हातावर ठेवले.

माहेरच्या रस्त्यावरचा दगड अजून लागतो. आता मी खाली उतरतो आणि त्याला वळसा घालून गाडी कशी न्यावी, ते आधी बघून येतो.