उंटावरून शेळ्या

काल रात्री तुझ्या कॉन्टॅक्ट शीट भिंगाखाली धरून पाहिल्या. दोनदा पाहिल्या. तीन रोल, म्हणजे एकशे आठ फ्रेम. त्यातला एक रोल कोरा. उरलेल्या बहात्तरांत धड म्हणावीत अशी चार छायाचित्रं. आणि त्या चौघांनीच मला रात्रभर जागवलं. कारण ती चार काढणाऱ्या माणसाला बाकीची अडुसष्ट अशी काढायचा काही अधिकार नाही.

"सर, कॅमेरा जुना आहे." शीट हातात देताना पहिलं वाक्य हेच बोललास. तो जुना आहे हे मला तुझ्याकडून कळायचं होतं का? झोर्की-४ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९५६ पासून १९७३ पर्यंत बनत होता. म्हणजे शेवटचा नगसुद्धा आज पन्नाशी ओलांडून बसलाय. तुझ्या आजोबांनी याच कॅमेऱ्यावर सांगलीत लग्नं काढली, मुंजी काढल्या. त्या निगेटिव्ह लखनौला येताना तूच बरोबर आणल्यास, तूच मला दाखवल्यास. एका तरी नवरीचा चेहरा हललेला दिसला तुला? मंडपातला तो मिणमिणता उजेड, नातेवाइकांची ती ढकलाढकली, आणि तरी मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा. कॅमेरा तोच. लेन्स तीच. हात बदलले. नाचता येईना अंगण वाकडं, हे तुझ्या आजीनं तुला लहानपणी ऐकवलं नसेल असं मी मानत नाही.

कोऱ्या रोलचंच आधी घेऊ. तू म्हणतोस, लॅबनं बिघडवला. साफ खोटं. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे स्वच्छ उमटलेत. डेव्हलपिंग बिघडलं असतं तर तेही उमटले नसते. फिल्मला प्रकाश लागलाच नाही, कारण ती डबीतून हललीच नाही. टोक स्पूलमध्ये नीट अडकवलं नव्हतंस. पुढच्या फ्रेमसाठी चावी देताना डाव्या हाताची रिवाइंडची गुंडी फिरली पाहिजे. ती फिरत असेल तर फिल्म सरकते आहे, नसेल तर नाही. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, वहीत लिहून घ्यायला लावलं. छत्तीस वेळा चावी दिलीस. छत्तीस वेळांत एकदाही डावीकडे नजर गेली नाही? कुठं बघत होतास? आणि मग स्वतःची चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलीस. चुकलास म्हणून मी रागावलो नाही. पट्टीची कड तुलाही वाचता येते. ती वाचूनही लॅबचं नाव घेतलंस, त्याचा मला राग आहे.

दुसरा रोल. चौदाव्या फ्रेमपासून पुढे आभाळात एक पांढरा ठिपका, दर वेळी जवळपास त्याच जागी. "शटर म्हातारं झालं" म्हणालास. शटर म्हातारं झालं नाही, तू ते जाळलंस. या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे काळं कापड. एसएलआरसारखा आरसा मध्ये आडवा येत नाही. लेन्स आभाळाकडे करून, कॅप न लावता, तू कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ठेवलास आणि चहा प्यायला गेलास. लहानपणी भिंगानं कागद जाळला नाहीस कधी? तेच झालं. सूर्य लेन्समधून आला आणि पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून गेला. मी काल काळा रबरी रंग लावून ते बुजवलंय. एवढ्याचे पैसे मी मागणार नाही. पण हा कॅमेरा तुझा नाही, तुझ्या आजोबांचा आहे. त्यांनी तो तुझ्या हाती विश्वासानं दिला, एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतंस.

आता खरं दुखणं. "सर, रेंजफाइंडरमधला तो पिवळा ठिपका अंधुक दिसतो. दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात की नाही, कळतच नाही." दोन महिने हे एकच रडगाणं. तुझ्या चष्म्याचा नंबर किती? सव्वादोन. तो चष्मा काढून तू डोळा लावतोस, कारण काचेला ओरखडे पडतील ही भीती. बरोबर आहे भीती. पण रिवाइंडच्या गुंडीखाली एक छोटी दांडी आहे. ती फिरवली की व्ह्यूफाइंडर तुझ्या डोळ्याच्या नंबराला जुळतो. काल मी ती फिरवली. कडा सुरीसारख्या दिसायला लागल्या. दोन महिने ती दांडी तुझ्या बोटाखाली होती. दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस, की ही कशासाठी? जी वस्तू रोज हातात घेतोस, तिच्यावर काय काय आहे हे पाहायची उत्सुकता नाही, आणि लेकाला छायाचित्रकार व्हायचंय!

छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी चिकटवायचा, हे तू कुठंतरी वाचलंस आणि त्याच संध्याकाळी झोर्कीवर पट्टी चिकटवलीस. पाच मिनिटांचं काम होतं, झालं लगेच. तो माणूस १९४८ च्या ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींजवळ होता, त्यांच्या अखेरच्या दिवशी. तो जवळ होता. तुला पट्टी उचलता आली. जवळ जाणं उचलता आलं नाही.

रेंजफाइंडर या शब्दाचा अर्थ काय? अंतर मोजणारा. सबंध यंत्र तुला एवढंच विचारतं: समोरच्यापासून तू किती लांब उभा आहेस? आणि तुझी बहात्तर छायाचित्रं एकच उत्तर देतात. रस्त्याच्या पलीकडे. चौकातली गल्ली, रस्त्याच्या पलीकडून. रूमी दरवाजाखालचा टांगेवाला, रस्त्याच्या पलीकडून. अमीनाबादचा अत्तरवाला, दुकानाबाहेरच्या खांबाआडून. उंटावरून शेळ्या हाकतोस तू. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला हे चालत नाही. ही लेन्स मागते दोन-तीन मीटर. माणसाच्या बोलण्याच्या टप्प्यात. तिथं गेलं की तो माणूस तुझ्याकडे बघतो, काहीतरी विचारतो, आणि तुला बोलावं लागतं. तेच तुला नको आहे. फोकस जमत नाही, ही सबब. माणसासमोर उभं राहायची भीती, हे खरं. एकदा तोंडानं कबूल कर, म्हणजे पुढचं बोलता येईल.

ती चिकनकारीवाली छायाचित्रं बघ. स्वतः बघ, माझ्यासमोर नको. बाई खिडकीपाशी बसल्यात, कापड डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, मुर्रीचा टाका घालताहेत. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. निळ्या छाप्याची रेघ अजून कापडावर आहे. धुतल्यावर ती जाईल आणि फक्त पांढरं काम उरेल. खिडकीतून येणारा उजेड थेट बोटांवर. असा प्रसंग मला या शहरात इतकी वर्षं राहून मोजके वेळा मिळाला. आणि तू? दाराबाहेर उभा राहिलास. चार मीटरवरून. लेन्स पूर्ण उघडी, एफ/२ वर. फोकस कशावर? दाराच्या चौकटीवर! चौकटीच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसते आणि बाईंचा चेहरा धुरकट. सात फ्रेम अशा. सातही वेळा तू ठिपका जुळवलाच नाहीस. अंदाजपंचे दाबलंस आणि देवावर हवाला ठेवलास.

एफ/२ वर एक मीटरला गेलास तर जेमतेम पाच सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत. तिथं अंदाज चालत नाही, जुळवावंच लागतं. आणि गल्लीत चालत असताना दर वेळी जुळवणं जमत नसेल, तर एफ/८ वर ये, तीन मीटरवर लेन्स ठेव. सव्वादोनपासून चार मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येईल. मग पाय हलव. बाकी काही हलवू नकोस. हेही वहीत आहे तुझ्या. वही उघडतोस का कधी? एकशे आठ फ्रेमपैकी एकीचीही नोंद नाही. ना शटरचा वेग, ना छिद्र, ना वेळ. मग उद्या कशावरून शिकशील?

"उजेड नसतो सर, जानेवारीत धुकंच धुकं." अरे, धुकं म्हणजे काय संकट आहे? गोमतीकाठचं हे धुकं कडक सावल्या पुसून टाकतं, मागचा पसारा झाकतं. चारशेच्या फिल्मवर एफ/४ आणि १/१२५ ला तिथं चेहरे किती हळुवार येतात, हे तुला माहीत नाही, कारण सकाळी सातला तू गादीवर असतोस. तुझ्या शीटवरची सगळी उन्हं दुपारी बाराची आहेत. सावली नाकाखाली, डोळ्यांत खड्डे. सात वाजता गोल दरवाजापाशी मक्खन मलाईवाले मोठाल्या थाळ्या घेऊन बसलेले असतात. पांढरा-पिवळा फेस, त्यावर केशर, थाळीवर थंडीची वाफ. थंडी ओसरली की ते दिसणार नाहीत. म्हणजे तुझ्या हातात उणापुरा महिना आहे. आणि तुझं घोडं अजून पेंड खातंय.

"रोल महाग झाले सर, म्हणून जपून काढतो." हा तर कळसच. जपून काढणारा माणूस चौकटीवर फोकस करून सात फ्रेम उडवत नाही. दारोगा अब्बास अली इथल्या नगरपालिकेत सहायक इंजिनिअर होता. नोकरी सांभाळून त्यानं १८७४ मध्ये लखनौचा अल्बम काढला, पन्नास दृश्यं आणि शहराचा एक मोठा नकाशा. प्रत्येक दृश्याला एक वेगळी काच. जड कॅमेरा, तिकाटणं, काचांच्या पेट्या, सगळं वाहून न्यायचं. १८५७ नंतर मोडलेलं, पाडलेलं हे शहर त्यानं इमारत इमारत उभं केलं. त्याला महाग पडत नव्हतं? तुझा कॅमेरा खांद्याच्या पिशवीत मावतो.

आणि रोज तू कैसरबागेतून जातोस ना? तिथं ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे ते भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे. वकिली केलेला माणूस. गाणं गोळा करायला देशभर हिंडले. घराण्याची चीज परक्याला न देणाऱ्या उस्तादांपुढे जाऊन बसले, मन वळवलं, लिहून घेतलं. १९२६ मध्ये इथं मॅरिस कॉलेज, म्हणजे आजचं हेच विद्यापीठ, उभं राहिलं तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. परक्या गावात मराठी माणसाला कोण उभं करतं, असं परवा तू म्हणालास. ज्या दारावरून जाता-येता हे म्हणतोस, त्या दारावरचं नाव तरी वाच.

त्या चार छायाचित्रांवर मी लाल पेन्सिलीनं खूण केली आहे. अठ्ठावीस नंबरचा धोबी सर्वांत चांगला. गोमतीवर, पाण्यात उभा, हातातलं चिकनचं कापड पिळताना. तिथं तू पाण्यात उतरलेला आहेस, हे छायाचित्रावरून कळतं. बूट भिजले असतील. त्या दिवशी तुला कॅमेरा जुना वाटला नाही, ठिपका अंधुक वाटला नाही, रोलचा हिशेब आठवला नाही. मग बाकीच्या दिवशी कोण आडवा येतो?

रविवारी सकाळी साडेसहाला गोल दरवाजापाशी ये. एकच रोल आण. माझ्यासमोर भरायचा, गुंडी फिरते की नाही दाखवायचं. वही आणि पेन्सिल खिशात. दांडी मी जिथं ठेवली आहे तिथून हलवू नकोस. चष्म्याची सबब संपली.

आणि मुर्रीवाल्या बाई परवा बाजारात भेटल्या. विचारत होत्या, "वो लड़का तस्वीर देने वाला था, आया नहीं." तू शब्द दिला होतास. मी मान खाली घातली. सातपैकी एकही छायाचित्र त्यांना द्यायच्या लायकीचं नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. रविवारी चौकातून थेट त्यांच्याकडे जायचं, माफी मागायची, खिडकीपाशी बसू देतील का विचारायचं. हो म्हणाल्या तर जमिनीवर बस. एक मीटरवर.