दिवा पेटलाय की विझलाय?

ऐकणं आणि पाहणं यांत चार बोटांचं अंतर असतं, असं वाडवडील सांगत आले. कान फसवतील, डोळे फसवणार नाहीत, हा त्यातला मथितार्थ. पण वाडवडिलांच्या हातात मोबाइल नव्हता. हल्ली डोळ्यांपुढे हातभर अंतरावर तिसरा साक्षीदार उभा असतो, आणि त्याची साक्ष डोळ्यांशी जुळेलच असं नाही.

आमच्या पुतण्यानं दसऱ्याला नवी मोटार घेतली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. नंतर सोहळ्याचा व्हिडिओ पाहताना मात्र त्याचा चेहरा पडला. मोटारीचे पुढचे एलईडी दिवे पडद्यावर लुकलुकत होते. "काका, दिव्यांत फॉल्ट आहे!" बाहेर जाऊन पाहावं तर दिवे स्थितप्रज्ञ. मोबाइलमधून पाहावं तर पुन्हा लुकलुक. वहिनींनी आणखी एक लिंबू ओवाळून टाकलं. दिव्यांनी दाद दिली नाही.

मग खोटं कोण बोलत होतं? चौकशीअंती निष्पन्न झालं, की कोणीच नाही.

एलईडी दिवा मंद करायचा तर वीज कमी करून चालतं, पण त्यानं उजेडाचा रंग थोडा बदलतो. म्हणून बऱ्याच मोटारींत वीज पुरी देतात, पण तुकड्यातुकड्यांनी. समजा, दिवा सेकंदाला २०० वेळा उघडमीट करतोय. एका फेरीला ५ मिलिसेकंद. त्यांतला १ पेटलेला, ४ विझलेला. म्हणजे हजेरी एक-पंचमांश आणि मस्टरवर सही पूर्ण दिवसाची. (इथे वाचकांनी बँकेकडे पाहू नये.) जुना तारेचा बल्ब असता तर तार मधल्या वेळात तापलेलीच राहिली असती. एलईडीला असली माया नाही. वीज थांबली की तो तत्क्षणी काळा.

आपल्या डोळ्याला सेकंदाला ५० ते ९० वेळांच्या पुढची उघडमीट सहसा कळत नाही. तो सगळं एकत्र करून 'दिवा चालू' अशी नोंद करतो. मोबाइल मात्र सेकंदाला ३० फोटो काढतो, आणि भर उन्हात प्रत्येक फोटोला एखादाच मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात दिवा पेटलेला सापडला तर उजेड, नाही तर अंधार. दोघांचे वेग जुळत नाहीत, म्हणून आपल्याला सेकंदाला दहा वेळा लुकलुक दिसते. मोबाइल दिव्याला बदनाम करत नाही. दिवा खरोखरच विझत असतो.

इथवर विज्ञान झालं. पुढचा प्रश्न मला झोपू देईना. बहुतेक वेळ विझलेल्या दिव्याला 'पेटलेला' म्हणावं का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूही राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचंच उदाहरण देतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे. तरी दिवा तोच. हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "तुमच्या प्रेमळ बोलण्याचे मिलिसेकंद मोजले, तर आपलं लग्न झालंय हेसुद्धा सिद्ध व्हायचं नाही."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. गेल्या नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत, एका ग्राहकानं आमच्या पेन्शनच्या खिडकीचा फोटो काढून वर पाठवला. रिकामी खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, वेळ अकरा वीस. खिडकीवरच्या बाईंना मेमो आला. त्या वेळी बाई रस्त्यावर, रिक्षात बसलेल्या एका आजोबांचा अंगठा घेत होत्या. आजोबांना पायऱ्या चढवत नव्हत्या. फोटो खोटा नव्हता. खुर्ची खरंच रिकामी होती. तीस वर्षांची नोकरी एका मिलिसेकंदात काळी निघाली. मेमोचं उत्तर लिहिताना बाईंचा हात थरथरत होता.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हा भेद पहिल्याच वर्षी शिकवतात. ताळेबंद ३१ मार्च या एका दिवसाचा असतो. नफातोटापत्रक वर्षभराचं असतं. दोन्ही खरी, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. आणि ताळेबंद दिसायला देखणा असला म्हणजे वर्ष चांगलं गेलं असं नव्हे. ३१ मार्चला नटणारे महाभाग आम्ही पुष्कळ पाहिलेत. कॅमेऱ्यापुढे पेटणारे आणि पाठ वळताच विझणारे दिवेही असतात. म्हणून फोटो फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. डोळा दयाळू असतो, चार अंधार पोटात घालतो. कधीकधी ते अंधार कोणीतरी मोजायलाच हवेत.

पण मोजणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की मोटारीला दिवा लावतात तो फोटोसाठी नव्हे, रस्त्यासाठी. दिवा चालू आहे का, हे विचारायचं तर अंधारात समोरून येणाऱ्याला विचारावं. आणि बाईंबद्दल विचारायचं तर रिक्षातल्या आजोबांना. त्यांचा हयातीचा दाखला वेळेवर पोचला. पेन्शन चालू आहे.