आडवी अक्कल

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, असे शास्त्र म्हणते. अक्कल कधी येते, याबाबत शास्त्र गप्प आहे. तोवर खालच्या जबड्यात चौदा दातांनी बिऱ्हाडे थाटलेली असतात. मागाहून आलेल्या भाडेकरणीला जागा कुठली? मग कुणाची पुढच्या दाढेवर रेलते, कुणाची सरळ आडवी होते. माझी आडवी आहे. वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत मला हे ठाऊक नव्हते आणि आमचे दोघांचे उत्तम चालले होते.

घोटाळा केला एक्स-रेने. राँटगेनने १८९५ साली हे किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीत ओटो वाल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा फोटो काढला. तब्बल २५ मिनिटे तोंडात काच धरून! आता यंत्र डोक्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालते आणि अख्खी बत्तिशी पडद्यावर हसू लागते. (स्वतःचा सांगाडा असा हसताना पाहिला की माणूस घटकाभर वेदान्ती होतो.)

डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू."

"पण दुखत नाहीये."

"आज दुखत नाहीये."

जिने अजून काहीच केलेले नाही, तिला केवळ आडवी पडली म्हणून हद्दपार करावे काय? हा न्याय लावला तर रविवारी दुपारी महाराष्ट्रात एक पुरुष शिल्लक राहायचा नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेनेही २००० साली बजावले होते, की निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत. शिवाय मुळांजवळून खालच्या ओठाची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर होतो. मी दाढेचे वकीलपत्र घ्यायच्या बेतातच होतो.

पण शेजारणीचे काय? ती बाराव्या-तेराव्या वर्षी आली आणि तेव्हापासून मुकाट्याने चकल्या फोडते आहे. आडवीचे एक टोक हिरडीतून किंचित वर आले आहे. त्या सांदीत अन्न अडकते, ब्रश पोचत नाही, आणि कीड लागायची ती शेजारणीला, तीही पाठीमागून, आरशात न दिसणाऱ्या जागी. फोटो पाहिला नव्हता तोवर या भानगडीशी माझा संबंध नव्हता. आता आहे. वरच्या मजल्याच्या मोरीचे पाणी खालच्यांच्या भिंतीत मुरताना आपण डोळ्यांनी पाहिले, की 'माझी भिंत कोरडी आहे' म्हणून कसे चालेल?

तूर्त तडजोड झाली आहे. ठरलेल्या मुदतीने तपासणी; शेजारणीच्या पाठीवर काळी सावली दिसली, की आडवीला नोटीस. डॉक्टरांनी मान्य केले, पण वयाबरोबर हाड कडक होते, पुढे काढणे जड जाईल, हेही सांगितले.

"जड कुणाला?" सौ.ने विचारले. "तुम्हाला की यांना?"

डॉक्टर खाली मान घालून पुढची तारीख लिहीत राहिले.