फॅरेडेच्या घरातली वाटणी

जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९६३ची, पण तिचे पहिले वर्ग भरले ते पिलानीत. संस्थापक प्राचार्य होते प्रा. व्ही. जी. गर्दे. शाखा दोनच होत्या, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल, आणि प्रत्येकीत ३० विद्यार्थी. कॉलेज १९६५मध्ये जयपूरला आलं. केमिकलची शाखा मागाहून आली, आणि त्या काळाकडे पाहिलं तर ते साहजिकच वाटतं. राजस्थानचं वीज मंडळ १९५७मध्ये स्थापन झालं होतं, चंबळवरच्या गांधीसागर धरणाची वीज नुकतीच मिळू लागली होती आणि गावोगाव तारा पोचायच्या होत्या.

आज त्याच आवारात दोन्ही विभाग आहेत, आणि प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी एकच प्रश्न असतो : इलेक्ट्रिकल घेऊ की केमिकल? उत्तर बहुधा पॅकेजचे आकडे बघून दिलं जातं. या शाखा मुळात वेगळ्या का झाल्या, हे मुलांना कुणी सांगतच नाही. मला ते फार खटकतं.

दोघींचा मूळपुरुष एकच, मायकेल फॅरेडे. हा मूळचा रसायनशाळेतला माणूस. बेंझिन त्याने १८२५मध्ये वेगळं केलं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला की वीज निर्माण होते, हे त्याने १८३१मध्ये दाखवलं. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने विद्युत अपघटनाचे नियम मांडले : द्रावणातून जितका विद्युतभार जाईल, त्या प्रमाणात पदार्थ सुटा होईल. त्याच्या टेबलावर वीज आणि रसायन ही दोन खाती नव्हती.

वाटणी केली ती कारखान्यांनी. विजेचे दिवे आणि जनित्रं आली तशी १८८२मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला विद्युत अभियांत्रिकीचं स्वतंत्र अध्यासन निघालं. या शाखेचा खरा कायापालट १८९३मध्ये झाला. त्या वर्षी स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती प्रवाहाची गणितं संमिश्र संख्यांनी मांडली आणि किचकट कलनाच्या जागी साधं बीजगणित आणलं. तेव्हापासून परिपथ कागदावर सोडवावा आणि तो प्रत्यक्षातही बराचसा तसाच वागावा, असा विश्वास या शाखेच्या अंगी मुरला.

केमिकलला आधी स्वतंत्र ओळखच नव्हती. कारखान्यात एक रसायनशास्त्रज्ञ असे आणि एक यंत्र सांभाळणारा, बस. जॉर्ज डेव्हिसने १८८७मध्ये मँचेस्टरला बारा व्याख्यानं दिली आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली. साबण, साखर, आम्ल, रंग हे धंदे निराळे असले तरी आटवणं, गाळणं, वाळवणं, ऊर्ध्वपातन ही कामं सगळीकडे तीच. आर्थर लिटलने १९१५मध्ये त्यांना ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिलं. मला हा विचार स्टाइनमेट्झच्या गणिताच्या तोडीचा वाटतो, पण त्याचं कौतुक फारच कमी झालं.

तरी दोघींचा स्वभाव एक नाही. जयपूरजवळच्या बगरूत छपाईचा काळा रंग कसा करतात ते पाहावं. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवतात. ते पाणी हिरड्यात बुडवून वाळवलेल्या कापडावर ठशाने उमटवलं, की हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून काळा रंग उठतो. मडकं कधी तयार झालं, हे कारागिराला नजरेने आणि वासाने कळतं. आता तेच मडकं उंचीने, रुंदीने दहापट करा. आतला ऐवज हजारपट होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग शंभरपटच. आंबताना तयार होणारी उष्णता बाहेर पडणार कुठून? म्हणून चंचुपात्रातून थेट कारखान्यात उडी मारता येत नाही, मध्ये पायलट प्लांट लागतो. (मोठ्या ट्रान्सफॉर्मरलाही हे चुकत नाही, तेल आणि पंखे त्यासाठीच असतात.) शिवाय वापरलेलं रंगीत पाणी जाणार कुठे, हा प्रश्न सांगानेरच्या छपाईवाल्यांना आणि शेजारच्या नाल्याला चांगलाच ठाऊक आहे. केमिकलवाल्याला तो टाळता येत नाही.

आता वाटणीची भिंत पुन्हा पडते आहे. जयपूरपासून थोड्या अंतरावर सांभरचं मीठ पिकतं. मिठाच्या द्रावणातून एकदिश प्रवाह सोडला की कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन मिळतात, आणि टनभर कॉस्टिक सोड्याला २,००० युनिटांहून जास्त वीज लागते. तो प्रवाह पुरवणारा आणि तो क्लोरीन सांभाळणारा, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. पश्चिम राजस्थानातल्या भडल्याची सौरऊर्जा रात्रीसाठी साठवायची तर बॅटरी लागते, आणि बॅटरीच्या आत सगळं रसायनच असतं.

तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी एक दुपार कॉलेजच्या ग्रंथालयात काढा. दुसऱ्या वर्षाची दोन पुस्तकं उघडा, एक परिपथांचं आणि एक वस्तुमान-ऊर्जेच्या ताळेबंदाचं. दोन्हींतली पाच-पाच गणितं स्वतः सोडवून बघा. ज्या पुस्तकाचं सहावं गणित सोडवावंसं वाटेल, ती शाखा वर लिहा.